गोलात सगळ्यांना जागा

परवा माझ्या नातीचा पाचवा वाढदिवस झाला. इमारतीतली आणि शाळेतली मिळून चौदा-पंधरा मुले घरी जमली होती. केक कापून झाला, निम्मे फुगे फुटले आणि मग अशा प्रसंगी ठरून गेलेला खेळ सुरू झाला – संगीतखुर्ची. गाणे थांबले आणि पहिल्याच फेरीत शेजारची साडेतीन वर्षांची चिमुरडी बाद झाली. जमलेल्यांत तीच सर्वांत लहान. तिला कोपऱ्यातल्या दिवाणावर बसवण्यात आले. पुढची वीस मिनिटे ती तिथे फुरंगटून बसली आणि इतरांचा खेळ बघत राहिली. शेवटची खुर्ची पटकावली ती सात वर्षांच्या एका दांडग्या मुलाने. वाटेत त्याने दोघांना कोपराने बाजूला सारले होते. पण टाळ्या त्यालाच मिळाल्या आणि बक्षिसाची रंगपेटीही त्यालाच मिळाली.

खेळ साधा. आपण सगळेच तो खेळलो आहोत. पण बालवाडीत तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारखीच्या मनात अशा वेळी हिशेब सुरू होतो. जिला खेळायला मिळण्याची सर्वांत जास्त गरज होती, तिच्या वाट्याला खेळ सर्वांत कमी आला. जो ढकलू शकत होता, त्याला तो सर्वांत जास्त मिळाला. त्या अर्ध्या तासात मुलांना कोणी काही शिकवले नव्हते. पण शिकायचे ते मुले शिकली होती.

आमच्या लहानपणी अंगणातल्या खेळांत अशा चिमुरड्यांसाठी एक सोय असे. लपंडाव असो की डबा ऐसपैस, मागे लागलेल्या धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतले जाई. ते पळे, लपे, ओरडे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कोणा वडीलधाऱ्याने घालून दिला नव्हता. मुलांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला होता. त्यात धाकट्याची हौस भागे, मोठ्यांचा खेळ मोडत नसे, आणि आपल्यापेक्षा दुबळ्याला सांभाळून घ्यायचे असते, ही गोष्ट न बोलता अंगवळणी पडे.

रात्री पसारा आवरताना मला फ्रोबेल यांची आठवण झाली. बालवाडीच्या शिक्षणक्रमात आम्हांला फ्रेडरिक फ्रोबेल होते, पण एका ओळीपुरते. किंडरगार्टनचा जनक कोण, याचे ते उत्तर, गुण दोन. पुस्तकात एक धुरकट चित्र होते: मधोमध भांग पाडलेले लांब केस, मोठे नाक, ओढलेला चेहरा. मुलांच्या खेळाशी या चेहऱ्याचा काही संबंध असेल असे तेव्हा वाटले नाही. नोकरीची बरीच वर्षे उलटल्यावर एका ग्रंथालयात त्यांचे चरित्र हाती लागले आणि ते दोन गुणांचे उत्तर एकदम जिवंत झाले. बाद होऊन कोपऱ्यात बसलेल्या मुलाचीच ती गोष्ट होती.

जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगराळ, जंगली मुलखात ओबरवाइसबाख नावाचे गाव आहे. तिथल्या धर्मोपदेशकाच्या घरी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिकचा जन्म झाला. तो वर्षाचा व्हायच्या आतच त्याची आई गेली. वडिलांच्या मागे आसपासच्या गावांचा मोठा व्याप. मूल नोकरमाणसांच्या आणि थोरल्या भावंडांच्या हातांवर वाढले. तीन-चार वर्षांचा असताना वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्या आईने सुरुवातीला त्याला जवळ घेतले. पुढे तिला स्वतःचा मुलगा झाला आणि चित्र पालटले.

ते कसे पालटले, हे फ्रोबेल यांनी पुढे चाळिशी उलटल्यावर लिहून ठेवले आहे. जर्मन भाषेतही आपल्यासारखा जवळिकीचा ‘तू’ आहे. सावत्र आईने फ्रेडरिकला तू म्हणणे सोडून दिले. समोर उभ्या असलेल्या मुलाशी ती परक्या गड्याविषयी बोलावे तसे तृतीय पुरुषात बोलू लागली. मारहाण नाही, उपासमार नाही; फक्त एक सर्वनाम बदलले. तेवढ्याने त्या पोराला आपण या घरात कोणी नाही हे कळले, आणि ते तो आयुष्यभर विसरला नाही.

त्या घराभोवती भिंती आणि कुंपणे होती. त्यांच्या पलीकडे जाण्याची त्याला परवानगी नव्हती. बाहेर मुलांचा गलका ऐकू येई. आत हा परसातल्या झाडाझुडपांशी, फुलांशी आणि किड्यांशी खेळे. वडिलांनी त्याला शाळेत घातले तेही गावातल्या मुलींच्या. बरोबरीच्या मुलांत मिसळणे म्हणजे काय, ते त्याला दहा वर्षांपर्यंत ठाऊकच नव्हते.

दहाव्या वर्षी त्याचे मामा देवासारखे धावून आले. त्यांनी त्याला श्टाटइल्म या गावी आपल्या घरी नेले. तिथे कुंपण नव्हते, धाक नव्हता. शाळेत बरोबरीची पुष्कळ मुले होती, आणि शाळा सुटली की मोकळ्या जागेत त्यांचे खेळ रंगत. पण एकटे वाढलेल्या फ्रेडरिकच्या अंगात ना ताकद होती ना चपळाई. काही खेळ त्याला येतच नसत. मुले चांगली होती, तरी पुष्कळदा याने कडेला उभे राहून बघायचे. हळूहळू तो खेळात शिरला, त्याच्या अंगात बळ आले, आणि पुढची चार-पाच वर्षे त्याच्या बालपणातली सर्वांत सुखाची ठरली. कडेला उभे राहणे आणि मग आत घेतले जाणे, हे दोन्ही अनुभव त्याने एका ठिकाणी घेतले. त्यांच्या साऱ्या कामाचे मूळ मला या दोन अनुभवांत दिसते.

त्यानंतर बरीच वर्षे या माणसाला आपली वाट सापडत नव्हती. जंगलखात्याच्या अधिकाऱ्याकडे उमेदवारी झाली. येना विद्यापीठात शिक्षण झाले, पण तेही अर्धवट. कर्ज फिटले नाही म्हणून विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. मोजणीदार झाला, जमीनदाराकडे कारकुनी केली. १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकायचे म्हणून तेवीस वर्षांचे फ्रोबेल फ्रँकफुर्टला गेले. तिथे एका शाळेचे प्रमुख ग्रूनर यांनी त्यांना पाहिले आणि इमारती बांधण्याचा नाद सोडून शिक्षक व्हा असे सुचवले. वर्गात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा फ्रोबेल यांना पाण्याबाहेरच्या मासोळीला पाणी मिळावे तसे झाले. वाट सापडली होती.

त्या काळी युरोपात शिक्षणाची पंढरी म्हणजे स्वित्झर्लंडमधले इव्हर्दाँ. तिथे पेस्टालॉत्सी या थोर शिक्षकाची शाळा होती. फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तिथे राहिले. ते गेले होते अध्यापनाच्या पद्धती शिकायला. पण वर्गातल्या पाठांइतकेच त्यांचे लक्ष वेधले मुलांच्या मोकळ्या हवेतल्या खेळांनी. दुपारचा तो कल्ला, ती धावाधाव म्हणजे अभ्यासाचा शीण घालवण्याचे साधन असे इतरांना वाटे. फ्रोबेल यांना दिसले ते वेगळेच. त्या शाळेत मुलांच्या स्वभावाला जी बळकटी येत होती, तिचा उगम त्यांना या खेळांत दिसला.

१८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक म्हणून गेले. तिथे लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन तरुण भेटले आणि जन्माचे सोबती झाले. युद्ध संपल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात त्यांना चांगली नोकरी मिळाली. स्फटिकांचे घन, त्यांचे कोन, त्यांच्या बाजू निरखत आयुष्य सुखात गेले असते. पण ज्या थोरल्या भावाने लहानपणी पाठीशी उभे राहून त्यांना आधार दिला होता, तो जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीच्या तापाने दगावला. त्याची तीन मुले पोरकी झाली. फ्रोबेल यांनी नोकरी सोडली. १८१६ मध्ये या तीन आणि दुसऱ्या भावाच्या दोन, अशा पाच पुतण्यांना घेऊन त्यांनी शाळा काढली. पुढच्याच वर्षी ती कायलहाउ या खेड्यात हलली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल तिथे येऊन मिळाले.

कायलहाउच्या शाळेत मुले रानावनांत भटकत, ओढ्यांवर बांध घालत, लाकडाचे ठोकळे रचून गावे वसवत. या अनुभवावर फ्रोबेल यांनी १८२६ मध्ये माणसाच्या शिक्षणाविषयीचा आपला मोठा ग्रंथ छापला. तो वाचायला सोपा नाही. वाक्ये लांबलचक, तत्त्वज्ञान गूढ. पण मध्येच एक भाग असा येतो की, वाचणारा थबकतो. प्रत्येक गावाला मुलांसाठी एक सामाईक क्रीडांगण असले पाहिजे असे ते म्हणतात, आणि मुले तिथे काय मिळवतात त्याची यादी देतात. न्याय, संयम, खरेपणा, निष्ठा हे तर त्यात आहेच. पण पुढे ते लहान, दुबळ्या आणि खेळ अजून नीट न येणाऱ्या गड्याला सांभाळून घेण्याचा उल्लेख करतात. म्हणजे आपला लिंबूटिंबूच! श्टाटइल्मच्या मैदानाच्या कडेला उभा राहिलेला दहा वर्षांचा फ्रेडरिक मला त्या पानावर दिसला.

शाळा नावाजली, पण दिवस वाईट होते. युद्धानंतर जर्मनीतल्या राजेरजवाड्यांना जिथे तिथे क्रांतीचा वास येत होता. मोकळेपणाने वाढणारी मुले आणि लांब केस राखणारे शिक्षक पाहून सरकारी संशय बळावला. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने शाळेबद्दल चांगला अहवाल दिला, तरी पालक घाबरले आणि मुले काढून घेऊ लागले. शाळा बंद पडण्याच्या बेतात आली. १८३१ मध्ये फ्रोबेल पुन्हा स्वित्झर्लंडला गेले. तिथे बुर्गडॉर्फ येथे त्यांच्याकडे अनाथालय आले, आणि चार-पाच वर्षांची पोरकी मुले रोज त्यांच्या नजरेसमोर वावरू लागली. शाळेत येईपर्यंत मुलाचा स्वभाव पुष्कळसा घडून गेलेला असतो, हे त्यांना तिथे पुरते पटले. सुरुवात त्याच्या आधी करायला हवी होती.

१८३७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते थुरिंगियात परतले आणि ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी त्यांनी खेळणी बनवायला सुरुवात केली. स्वतःचे मूल नाही, पत्नी आजारी, हाती पैसा नाही, आणि हा पन्नाशी उलटलेला विद्वान लोकरीचे चेंडू विणवून घेतो आहे, लाकडाचे ठोकळे कापवून घेतो आहे! या खेळण्यांना त्यांनी ‘देणग्या’ म्हटले. पहिली देणगी सहा रंगांच्या सहा मऊ चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोलाची. तिसरी म्हणजे आठ छोट्या ठोकळ्यांचा मिळून झालेला एक मोठा ठोकळा. त्यातून खुर्ची करायची, पूल करायचा, पायऱ्या करायच्या. मात्र एक पथ्य होते. केलेले मोडून फेकायचे नाही. एकातून दुसरे घडवायचे, आठही ठोकळे वापरायचे आणि शेवटी नीट पेटीत ठेवायचे. शेजारच्याने रचलेला पूल उधळण्यात मजा वाटण्याचे हे वय. त्या वयाला त्यांनी मोडण्याऐवजी बदलण्याची गोडी लावली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्यांचे गोलातले खेळ जास्त महत्त्वाचे वाटतात. मुलांनी हात धरून गोल करायचा. गोलात कोणी पुढे नसतो, कोणी मागे नसतो. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, आणि एकाने हात सोडला तर गोल तुटतो. असाच त्यांचा एक खेळ पारव्यांच्या खुराड्याचा. गोल म्हणजे खुराडे, आतली काही मुले म्हणजे पारवे. गोलातल्या मुलांनी हात उंच केले की पारवे भुर्र उडून जायचे, फिरून परत यायचे, आणि काय काय पाहिले ते सगळ्यांना सांगायचे. मग दुसऱ्यांची पाळी. कोणी बाद होत नाही, कोणी जिंकत नाही. वाट बघणाऱ्यालाही काम असते, कारण तोच खुराड्याची भिंत असतो. बाहेर जाण्याचे धाडस आणि परत येण्याचा आधार, बोलणे आणि दुसऱ्याचे ऐकणे, सगळे त्यात येऊन जाते, आणि मुलाला वाटते आपण नुसते खेळलो.

त्यांच्या बागेची मांडणीही अशीच. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा, आणि भोवती सगळ्यांच्या मालकीचे मोठे वाफे. आपल्या रोपाला पाणी घालायचे आणि सगळ्यांच्या रोपांनाही घालायचे. माझे आणि आपले यांतला फरक मुलांना समजावून सांगायला किती शब्द खर्ची पडतात, ते घरोघरच्या आयांना विचारा. फ्रोबेल यांनी तो वाफ्यांतून दाखवला.

या साऱ्याला नाव काय द्यावे ते त्यांना बरेच दिवस सुचत नव्हते. एकदा मित्रांबरोबर कायलहाउहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने चालत येताना खालचे हिरवे खोरे दिसले आणि एकदम शब्द सापडला – किंडरगार्टन, मुलांची बाग. २८ जून १८४० रोजी त्या नावाने संस्थेची स्थापना झाली. त्याआधी १८३८ पासून त्यांनी आपले विचार घरोघरी पोहोचवण्यासाठी एक पत्रही चालवले होते, आणि ते होते रविवारचे! घरातली मोठी माणसे निवांत असतात तो दिवस त्यांनी त्यासाठी निवडला, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढची कहाणी मात्र हालाचीच आहे. पत्नी विल्हेल्मिना १८३९ मध्येच गेली होती. पैसे उभे करण्यासाठी जर्मन स्त्रियांना भाग विकण्याची योजना काढली, ती फसली. ब्लांकेनबुर्गची बालबाग १८४४ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी त्यांनी आईने तान्ह्या मुलाशी खेळायच्या बोटांच्या खेळांचे आणि गाण्यांचे सचित्र पुस्तक काढले. मग गावोगाव फिरून व्याख्याने दिली. तरुण मुलींना या कामाचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. लहान मुलांना सांभाळणे हे शिकून करण्याचे काम आहे आणि स्त्रियांनी ते व्यवसाय म्हणून करावे, हे त्या काळी अनेकांना रुचणारे नव्हते.

१८४९ मध्ये ते लीबेनश्टाइन या झऱ्याच्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी आले. खेड्यातल्या पोरांबरोबर उड्या मारत गाणी म्हणणारा हा सडपातळ, पांढऱ्या केसांचा म्हातारा पाहून लोक त्याला खुळ्यात काढत. हवापालटासाठी आलेल्या मारेनहोल्ट्झ-ब्युलो या उमराव घराण्यातल्या बाईंच्या कानी ही चेष्टा गेली. त्या बघायला गेल्या, आणि जे दिसले त्याने त्यांचे आयुष्यच बदलले. पुढे त्यांनी देशोदेशी फिरून फ्रोबेल यांचे काम पोहोचवले. १८५० च्या ऑगस्टमध्ये जवळच्या आल्टेनश्टाइन येथे आसपासच्या गावांतली सुमारे तीनशे मुले एकत्र जमवून खेळांचा उत्सव झाला. गोलात गोल, रांगांत रांगा. खुळा म्हातारा मधोमध उभा होता.

वर्षभरातच घाव बसला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री फॉन राउमर यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. त्यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो, असा ठपका होता. त्यात कार्ल फ्रोबेल या पुतण्याच्या जहाल पुस्तिकेशी काकांच्या कामाची गल्लत झाली होती. फ्रोबेल यांनी खुलासे केले, थेट राजाकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. लोकरीच्या चेंडूंना आणि पारव्यांच्या खुराड्याला एवढे मोठे राज्य घाबरले, हे वाचून आधी हसू येते. मग वाटते, त्या मंत्र्याला काहीतरी बरोबर दिसले असावे. सरदाराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा हात धरून गोलात उभे राहिले, तर त्यांना पुढे रांगेत मागे-पुढे उभे करणे अवघड जाते.

पुढच्या जूनमध्ये, २१ जून १८५२ रोजी, लीबेनश्टाइनजवळ मारिएनथाल येथे फ्रोबेल यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधी गोथा येथे शिक्षकांची परिषद भरली होती. ते आत आले तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. एवढाच काय तो मान त्यांना पाहायला मिळाला. बंदी उठली ती १८६० मध्ये. श्वाइना येथे त्यांच्या थडग्यावर मिडेनडॉर्फ यांच्या कल्पनेप्रमाणे घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल असा दगड उभा आहे. मुलांचे ठोकळेच ते.

त्यांच्या विद्यार्थिनींनी ही बाग देशोदेशी नेली. आपल्याकडे तिचे इंग्रजी आद्याक्षरांतले नाव घरोघरी पोहोचले – केजी. ज्युनियर केजी, सीनियर केजी म्हणताना त्यातल्या ‘जी’मध्ये बाग आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मराठीने मात्र स्वतःचा सुंदर शब्द घडवला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यांची घडण गिजुभाई बधेका यांच्याबरोबर, माँटेसरी पद्धतीत झालेली. पण खेड्यातल्या, पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी बालवाडी रुजवली आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. बोर्डी-डहाणूच्या पट्ट्यात वाडी म्हणजे चिकूची, नारळाची बाग. शंभर वर्षांच्या अंतराने, वेगळ्या वाटेने आलेल्या दोन माणसांना मुलांसाठी बागच सुचावी! १९७५ मध्ये सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

फ्रोबेल यांचे सगळेच मला पटते असे नाही. ठोकळ्यांच्या प्रत्येक आकारात त्यांना विश्वाचे रहस्य दिसे, ते मला दिसत नाही. त्यांच्यामागे अनेक ठिकाणी त्या देणग्यांची कवायत झाली. बाई सांगतील तेव्हा ठोकळा उचलायचा, सांगतील तेव्हा ठेवायचा. खेळाचा पाठ झाला की त्यातून खेळ निघून जातो.

आणि ही चूक मीही केली आहे. एका वर्षी आमच्या बालवाडीतल्या पालकांनी आग्रह धरला की, मुलांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळायचा तर अक्षरे आणि आकडे आधीपासून घटवून घ्या. आम्ही रोजचा गोलातल्या खेळांचा तास काढून टाकला आणि पाट्या वाटल्या. दिवाळीपर्यंत मुले एक ते पन्नास लिहू लागली. पण पाण्याच्या माठापाशी ढकलाढकली वाढली, डबा खाताना कट्टी-बट्टीचे रडगाणे रोजचे झाले, आणि एक मुलगा, घरी एकटाच वाढलेला, वर्षभर कोणाशी बोलला नाही. या सगळ्याला तोच एक बदल कारणीभूत होता असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलाला आत यायला जे एक दार होते, ते मी माझ्या हाताने बंद केले होते, हे मला फ्रोबेल यांचे चरित्र वाचताना कळले. पुढच्या जूनमध्ये मी पालकांची समजूत घालून तो तास परत आणला. तो मुलगा तोवर मोठ्या शाळेत गेला होता.

आता या गोष्टींचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. दोन वर्षांचे मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापले खेळते, आणि चार-पाच वर्षांपर्यंत ते खरोखर मिळून खेळू लागते, हे मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये निरीक्षणांतून दाखवले. दुसरा अभ्यास १९९४ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झाला. त्यात चार-पाच वर्षांच्या सत्तर मुलांना काही दिवस एकमेकांच्या मदतीचे खेळ दिले, काही दिवस चुरशीचे. मदतीच्या खेळांच्या काळात मारामाऱ्या घटल्या आणि सहकार्य वाढले. चुरशीच्या खेळांच्या काळात उलट झाले. विशेष म्हणजे मुले तीच होती, बदलला होता तो खेळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. कागदावर फ्रोबेल यांचा विजय झाला आहे. घरोघरी तो व्हायचा आहे.

चुरस वाईट असे मला म्हणायचे नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी खो-खो खेळावा, हरावे, रडीचा डाव न खेळता हरावे. पण हरणे पचवायला आधी आपण या गोलातले आहोत, ही खात्री लागते. ती नसलेले मूल हरत नाही, ते हाकलले जाते. आणि आपण आपल्या लहानग्यांना कोणता खेळ देतो, यावर ही खात्री पुष्कळशी अवलंबून असते.

गेल्या रविवारी इमारतीतली तीच मुले पुन्हा घरी जमली होती. मी एक जुनी सतरंजी काढली. गाणे लावायचे, थांबले की सगळ्यांनी सतरंजीवर उभे राहायचे. कोणी बाद नाही. पण दर फेरीला सतरंजीची एक घडी घालायची. तिसऱ्या घडीला मुले एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली. चौथ्या घडीला साडेतीन वर्षांच्या त्या चिमुरडीला पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा संगीतखुर्ची जिंकलेल्या त्याच दांडग्याने तिला उचलून कडेवर घेतले. तो एका दिवसात सुधारला असे नाही. घरी जाताना त्याने तिचा फुगा फोडलाच. पण ती रडत आली नाही. त्याच्याच मागे धावली.